नव्या शिक्षिकेस सोबत

अध्यापनाची पदविका हातीं आली म्हणजे शिक्षक तयार झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नवा वकील सनद मिळाल्यावरही ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं बसतो, नवा डॉक्टर रुग्णालयांत अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीं उमेदवारी करतो. शिक्षकास मात्र पहिल्याच दिवशीं हजेरीपट व खडू देऊन भरल्या वर्गासमोर एकटें उभें केलें जातें. पुढें कोणी वर्गांत आलेंच तर तें तपासणीसाठीं, सोबतीसाठीं नव्हे.

बोईसरनजीकच्या एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें शिकविलें. एका बाजूस तारापूरच्या कारखान्यांतील कामगारांच्या वस्त्या, दुसऱ्या बाजूस वारल्यांचे पाडे. वर्गांत दोन्हींकडचीं मुलें. एके वर्षीं घाटावरून एक तरुण शिक्षिका आली. हुशार आणि कामसू; परंतु शाळा सुरू होऊन पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच काकुळतीनें म्हणाली, "बाई, पाड्यावरचीं मुलें तोंडच उघडीत नाहींत. मला हें काम जमणार नाहीं; राजीनामा द्यावा म्हणतें."

मीं उपदेश केला नाहीं. शाळा सुटल्यावर तिला बरोबर घेऊन एका पाड्यावर गेलें. वर्गांत मुकी बसणारी एक मुलगी अंगणांत शेवळें निवडीत होती. तीं रानांत कोठें उगवतात आणि घशाला खाजूं नयेत म्हणून भाजींत काकडें कां घालावीं लागतात, हें तिनें आपल्या वारली बोलींत इतकें नीट समजावून सांगितलें, कीं ती गुरु आणि आम्ही दोघी शिष्या झालों! दुसऱ्या दिवशींचा धडा शेवळांपासूनच सुरू झाला. मी मागच्या बांकावर बसलें होतें; हातांत शेऱ्यांची वही मात्र नव्हती. राजीनाम्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

यांत माझें कौशल्य कांहींच नाहीं. ही वाट याच मुलखांत पूर्वीं घालून दिलेली आहे. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, तेव्हां अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. ताराबाई ५३ वर्षांच्या, अनुताई ३५ वर्षांच्या. अनुताई नवशिक्या नव्हत्या. पुण्याच्या हुजूरपागेंतील अनुभव त्यांच्या गांठीं होता. तथापि खेड्यांतील बालशिक्षण त्यांस नवें होतें, आणि तें त्या ताराबाईंच्या जोडीनें काम करूनच शिकल्या. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेली; गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणशाळा भरविली. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. १९७३ त ताराबाई निवर्तल्या. त्यानंतर अनुताईंनीं तें १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, चालविलें. सोबत दिली कीं वारसा आपोआप निर्माण होतो, याला याहून दुसरा पुरावा कशाला?

नवी शिक्षिका हताश होऊन निघून गेली तर तिला दुसरी नोकरी मिळेल. पण पाड्यावरच्या मुलीस 'आपणांसच कांहीं येत नाहीं' असें जें वाटून बसतें, तें जन्मभर पुसलें जात नाहीं. आपल्यापैकीं अनेक घरांत निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. आठवड्यांतून एक तास त्यांनीं जवळच्या शाळेंतील एखाद्या नव्या शिक्षकाच्या शेजारीं जाऊन बसावें. चुका मोजण्यासाठीं नव्हे, त्याच्या बाजूनें बसण्यासाठीं.