मेजावरचें वॉटर्लू

लंडनच्या चेल्सी भागांतील नॅशनल आर्मी म्यूझियममध्यें १८ जून १८१५ ची संध्याकाळ एका विस्तीर्ण मेजावर खिळून राहिली आहे. विल्यम सायबॉर्न या लष्करी अधिकाऱ्यानें वॉटर्लूच्या रणभूमीवरील शेतवाड्यांत आठ महिने राहून तेथील चढउतार मोजले. सायंकाळीं सातच्या सुमारास कोणती पलटण कोठें होती, हें लढलेल्या अधिकाऱ्यांस पत्रें धाडून विचारलें. आणि मग कथील-शिशाचे ७०,००० हून अधिक चिमुकले शिपाई रंगवून जागोजाग उभे केले. सरकारनें हात आखडतां घेतला, तेव्हां त्यानें पदरमोड केली. १८३८ सालीं काम पुरें झालें, तों तो कर्जांत बुडाला होता.

परंतु प्रशियन सैन्य इतकें पुढें आलेलें दाखविणें वेलिंग्टनच्या पक्षास रुचेना. १८०३ सालीं असईस मराठी फौजांचा पराभव करणारा सेनापति तो हाच. अखेर सायबॉर्ननें हजारों प्रशियन शिपाई उचलले.

नेपोलियनच्या मोहिमा रंगीत शिपायांनिशीं मेजावर खेळणारे हौशी लोक आजही पुष्कळ आहेत. त्यांचा शिपाई फाशाच्या दानानें पडतो. येथला जेत्याच्या मर्जीनें नाहींसा झाला!