दिवाळीचं ताट ओट्यावरच राहिलं

२०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. ताट भरून ओट्यावर ठेवलं होतं. चिवडा, शेव, चार करंज्या, सहा लाडू आणि वर क्रोशाचा रुमाल. अकरा वर्षं हे ताट आमच्या घरून समोरच्या वहिनींकडे जातं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या अनारशांनी भरून परत येतं. रिकामं ताट परत करायचं नाही, ही दोन्ही घरांची रीत. त्या वर्षी धाकटा दोनदा विचारून गेला, "आई, देऊन येऊ का?" आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, "राहू दे, नंतर बघू." संध्याकाळी मी तो फराळ पुन्हा डब्यात भरून टाकला. कारण काय, तर विधानसभेचं मतदान तीन आठवड्यांवर आलं होतं आणि वहिनींचं घर 'त्यांच्या' बाजूचं होतं.

मैत्रिणींनो, हसू नका. तुमच्याही गल्लीत असं एखादं ताट राहिलं असेल.

मी काही राजकारणातली बाई नव्हे. बी. ए. झाले, सकाळी दोन-तीन तास शाळेत शिकवते, उरलेला दिवस घर. सप्टेंबरमध्ये मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, "दोघांत त्यातल्या त्यात हा बरा वाटतो बाई." बस, एवढंच. पाडळसे धरण कधी पुरं होणार, हे आम्ही अमळनेरकर प्रत्येक निवडणुकीत विचारतो आणि प्रत्येक निवडणुकीत ऐकून घेतो. त्यामुळे कोणावर फार जीव टाकावा असं नव्हतंच.

आमची चौदा जणींची भिशी. गणपतीनंतर वहिनींसह पाच जणी हळूहळू यायच्या बंद झाल्या. भांडण असं झालंच नाही. एकीला पाहुणे आले, एकीची कंबर दुखली, आणि मग कळलं की त्यांची वेगळी भिशी सुरू झाली आहे. उरलो आम्ही नऊ जणी, सगळ्या एका विचाराच्या. "आता कसं मोकळं वाटतंय," असं आम्ही एकमेकींना सांगितलंदेखील. आणि खरंच मोकळं वाटायचं! एकीने किस्सा सांगावा, दुसरीने त्याला जोड द्यावी, तिसरीने त्याहून जबर सांगावा. जी जास्त कडक बोलेल तिच्याकडे सगळ्या कौतुकाने बघायच्या. "तसं नाही गं, त्यांनीही कामं केलीच की," असं म्हणणारी एक होती. तीही तिसऱ्या खेपेला गप्प बसायला शिकली. घरी आलं की मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये पुन्हा तेच. बासुंदीचं दूध आटत ठेवतो ना, तसं झालं. बाहेरचा थेंब आत येत नाही आणि आतलं घट्ट होत जातं. माझं 'त्यातल्या त्यात बरा' जाऊन 'दुसरा आला तर गावाचं वाटोळं' कधी झालं, ते मला कळलंही नाही.

अशाच एका बैठकीत कोणीतरी म्हणालं, "समोरच्यांकडे म्हणे पाकिटं पोचली." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण समोर राहणारी मी. आणि मी बोलून गेले, "रात्री-बेरात्री एक पांढरी गाडी उभी असते खरी त्यांच्या दारात."

एवढंच वाक्य. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. गाडी मी पाहिली होती. ती कशासाठी येते ते मला ठाऊक नव्हतं आणि विचारावं असं वाटलंही नव्हतं. पण त्या क्षणी आठ जणींच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मला आवडली. लिहिताना लाज वाटते, पण आवडली.

ती गाडी वहिनींच्या सासऱ्यांसाठी येत होती. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धुळ्याला न्यायचे, पहाटे चारच्या आधी निघावं लागायचं. जानेवारीत ते गेले. मी दारावर गेले, बसले, उठून आले. वहिनींनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. माझं वाक्य त्यांच्यापर्यंत केव्हाच पोचलं होतं.

मार्चमध्ये माझी भाची चार दिवस राहायला आली. ती मानसशास्त्र घेऊन एम. ए. करते. रात्री गच्चीवर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू काही जगावेगळी नाहीस. याच्यावर अभ्यास झालेत." १९६९ मध्ये मोस्कोव्हिसी आणि झावालोनी या दोघांनी फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांना आधी एकेकट्याने मत द्यायला लावलं. त्यांचे राष्ट्राध्यक्ष द गॉल मुलांना बऱ्यापैकी आवडत होते, अमेरिकन लोक थोडे नावडते होते. मग मुलांना गटागटाने बसवून चर्चा करायला सांगितली. चर्चा संपली तेव्हा द गॉल जास्तच आवडते झाले होते आणि अमेरिकन जास्तच नावडते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात असंच दोन गावांतल्या लोकांना आपापल्या गावकऱ्यांत बसवून बोलायला लावलं. एक गाव डाव्या विचारांचं, दुसरं उजव्या. बोलण्याआधी दोन्ही गावांत जे अंतर होतं ते बोलल्यावर वाढलं, आणि गटातल्या गटात मात्र सगळे एकसारखे होऊन उठले.

याला समूहाचं ध्रुवीकरण म्हणतात म्हणे. मी म्हटलं, "आमच्याकडे याला कान भरणं म्हणतात."

"नाही मावशी," ती म्हणाली, "कान भरायला कोणीतरी लबाड लागतं. इथे सगळ्या चांगल्या बायका असल्या तरी हे होतं. एकाच बाजूची कारणं पुन्हा पुन्हा कानावर पडतात, आणि आपल्या माणसांत आपण दोन पावलं पुढे दिसावं असं प्रत्येकीला वाटतं."

तिचं ते बोलणं मला लागलं. मी समजत होते, भांडणाने माणसं दूर जातात. पण वहिनींशी मी एका शब्दानेही भांडले नव्हते. मी दूर गेले ती माझ्याच मैत्रिणींत बसून, चहा-पोह्यांवर, हसत-खेळत.

मला २०१९ आठवलं. लोकसभेसाठी जळगावातून भाजपने आधी स्मिता वाघ यांची उमेदवारी जाहीर केली, मग ती बदलून उन्मेष पाटील यांना दिली. १० एप्रिलला आमच्या गावातल्या सभेत, मंत्री हजर असताना, व्यासपीठावरच कार्यकर्त्यांची हाणामारी झाली. माजी आमदार बी. एस. पाटील यांना मार बसला. सगळ्या देशाने टीव्हीवर अमळनेर पाहिलं. मान खाली गेली आमची. हे दोन पक्षांचं भांडण नव्हतं, झेंडा एकच होता. म्हणजे वैर व्हायला विचार वेगळे लागतातच असं नाही. बसायच्या ओसऱ्या वेगळ्या झाल्या की पुरे.

आणि पुढे काय झालं? २०२४ मध्ये स्मिता वाघ त्याच पक्षातर्फे खासदार झाल्या, आणि उन्मेष पाटील त्याच वर्षी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेत गेले. विधानसभेचंही तेच. २०१९ मध्ये अनिल पाटील राष्ट्रवादीतर्फे आणि शिरीष चौधरी भाजपतर्फे एकमेकांसमोर उभे होते. २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, अनिल पाटील अजित पवारांबरोबर गेले आणि भाजपच्याच सोबतीने मंत्री झाले. २०२४ ला चौधरी अपक्ष लढले आणि अनिल पाटील पुन्हा निवडून आले. पाच वर्षांत झेंड्यांची अशी अदलाबदल झाली. पुढाऱ्यांनी वाटा बदलल्या, तो त्यांचा प्रश्न. पण ओट्यावर राहिलेलं माझं ताट कोणता पुढारी येऊन उचलणार होता?

राजकारण वाईट, बायकांनी त्यात पडू नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. साने गुरुजी याच गावात शिक्षक होते आणि १९३० मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. मत असावं, ठाम असावं. फक्त ते कुठे बसून ठाम झालं, ते बघावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या गावात एकाच वेळी दोन साहित्य संमेलनं झाली, एक अखिल भारतीय आणि एक विद्रोही. मी दोन्हीकडे जाऊन आले होते. वहिनीच सोबत होत्या! दोन्ही मांडवांत काही पटलं, काही नाही पटलं, आणि परतताना रस्ताभर आम्ही वाद घातला. त्या वादाने आमचं काही बिघडलं नव्हतं.

एप्रिल उजाडला. खानदेशात एप्रिल म्हणजे उडदाचे पापड, बिबडे, कुरडया. एकटीचं काम नव्हे ते. दरवर्षी वहिनी आणि मी मिळून करायचो. पीठ भिजवून मी बसले आणि हात चालेना. सासूबाई बाजेवरून बघत होत्या. त्या अहिराणीतच बोलतात. म्हणाल्या, "माय, इलेक्शन एक दिननं, शेजार जलमना. जाय, बलाव तिले."

गेले. उंबऱ्यातच उभी राहून सांगितलं, "वहिनी, ते गाडीचं वाक्य माझंच होतं."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या भिशीत तुमच्याबद्दलही बोलायचे. तुमच्या ह्यांना बदली हवी आहे म्हणून तुम्ही त्या बाजूच्या, असं. मला ठाऊक होतं तसं नाही म्हणून. पण मी काही बोलले नाही." आणि थोड्या वेळाने, पदर खोचत, "गाडीचं विचारलं असतंत तर सांगितलं असतं. रात्री सोबतीला कोणीतरी हवंच होतं मला."

यावर मी काय बोलणार? लाटणं घेऊन त्या माझ्यामागे आल्या. त्या दिवशी पापड लाटताना आम्ही फारसं बोललो नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी स्वतःला लावून घेतल्या आहेत. किस्सा कितीही चटकदार असो, सांगणारीला विचारायचं, "तू डोळ्यांनी पाहिलंस का?" आणि पाहिलं असेल, तर, "विचारलंस का?" दुसरा प्रश्न मी माझ्यासाठीच ठेवला आहे. दुसरी गोष्ट, भिशीत कोणी "तसं नाही गं" म्हणाली की तिला पुरतं बोलू द्यायचं. ती एकटी असते, म्हणूनच तिची गरज असते. भिशी अजून चौदांची झालेली नाही. बारांवर आली आहे. दोघींचा राग गेलेला नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

२०२५ च्या दिवाळीत ताट गेलं. पुढे नगरपरिषदेची निवडणूक दिसत होती, वहिनींचा आणि माझा उमेदवार वेगळाच असणार हेही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी अनारसे घेऊन ताट परत आलं. सोबत निरोप होता की चकल्या यंदा जरा कडक झाल्यात, मोहन कमी पडलं.

खरं होतं ते. कमीच पडलं होतं.