कोरी डिस्क घेताना

आईच्या एकसष्टीचं शूटिंग आज डीव्हीडीवर उतरवायला घेतलं. गावी मामांकडे अजून जुनाच प्लेयर आहे, म्हणून मुद्दाम 'डीव्हीडी-आर' आणल्या. वजावाला हा प्रकार १९९७चा, अधिकवाला, म्हणजे 'डीव्हीडी+आर', २००२चा; जुनी यंत्रं बहुधा वजावाल्याशी जास्त जुळवून घेतात. पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू अशा कामाला नकोच. तिच्यावरून प्रकाश कमी परततो, जुन्या प्लेयरला ती वाचणं जड जातं.

डिस्क उलटी करून उजेडात धरली की जांभळट झाक दिसते. तो रंगद्रव्याचा थर. लेसर त्याच्यावरच खुणा उमटवतो आणि ऊन त्यालाच खराब करतं. खिडकीत ठेवायची सोय नाही. ४.७ जीबीत तासाभराचं चित्र छान मावतं. तीन-चार तास कोंबले तर चेहऱ्यांचे चौकोन होतात, आणि औक्षण करणाऱ्या आजीचा चेहरा मला तसा अजिबात चालणार नाही.

डिस्कवर १६एक्स छापलंय, तरी लिहिण्याचा वेग मी ८एक्सच ठेवतो. 'फायनलाइज' मात्र करायचंच, नाहीतर दुसऱ्या प्लेयरमध्ये डिस्क लागत नाही. कागदी लेबलही नको. फिरताना तोल बिघडतो. एक प्रत मामांना, एक ताईला. मूळ फाइल्स हार्ड डिस्कवर राहतील.