जेवढे आले तेवढे

आमच्या धंद्यात आधी रिक्वायरमेंट येते, मग माणसं शोधतात. दोन जावावाले, एक टेस्टर, असं. जागा आधीच आखलेली, माणसाने त्यात बसायचं. बॅलेतही बहुतेक ठिकाणी हेच चालतं, हे इथे न्यू जर्सीत आल्यावर कळलं.

डिसेंबर आला की गावोगावच्या नृत्यशाळा 'नटक्रॅकर' करतात. १८९२ सालचा हा दोन अंकी बॅले. त्यात लहान मुलांना कामं भरपूर, पण ती ठरलेली. पोशाखही ठरलेले, दरवर्षी तेच बाहेर निघतात. माझ्या मित्राची अकरा वर्षांची मुलगी एका मोठ्या शाळेत निवडीसाठी गेली आणि हात हलवत परत आली. नाच चांगला आहे म्हणे, पण उंची पोशाखापेक्षा दोन इंच जास्त! पुढे आठवडाभर पोरगी वाकून चालत होती. वहिनींनी सांगितलं तेव्हा आधी हसू आलं. नंतर नाही आलं.

मग तिला कम्युनिटी सेंटरमधल्या छोट्या नृत्यशाळेत घातलं. तिथे नटक्रॅकर परवडतच नाही. सेट नाहीत, पोशाख नाहीत, मुलगे तर दोनच. म्हणून तिथल्या बाई दरवर्षी स्वतःच नवा एकांकी बॅले रचतात. आपल्या एकांकिकेसारखा, अर्ध्या तासात खेळ खलास. मीही बघायला गेलो होतो. गोष्ट एका रेल्वे स्टेशनची, मुलं चौदा. एका छोट्याला उड्या नीट जमत नव्हत्या, तर तो बाकावर बसून गाडीची वाट बघत होता आणि सगळा नाच त्याच्याभोवती चाललेला. आमची उंच मुलगी सिग्नलवाली. तिने हात वर केला की अख्खं स्टेशन जागच्या जागी थांबायचं. दोन इंच कामी आले राव!

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पोरांची सोय झाली, पण ही काही कला नव्हे. मलाही असंच वाटलं असतं, पण 'सेरेनेड'ची गोष्ट माहीत होती.

लिंकन कर्स्टीनच्या बोलावण्यावरून जॉर्ज बॅलन्शिन १९३३ मध्ये अमेरिकेत आला. १९३४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये त्यांची स्कूल ऑफ अमेरिकन बॅले सुरू झाली. मार्चमध्ये, वर्गात नाचणं आणि रंगमंचावर नाचणं यातला फरक विद्यार्थ्यांना कळावा म्हणून त्याने संध्याकाळच्या वर्गात चायकॉव्हस्कीच्या संगीतावर एक बॅले रचायला घेतला. पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या, म्हणून सुरुवात सतरा जणींची. दुसऱ्या दिवशी नऊ आल्या, तिसऱ्या दिवशी सहा. ज्या दिवशी जेवढ्या, तेवढ्यांचा नाच. मुलगे उगवले तेव्हा त्यांनाही आत घेतलं. एक मुलगी उशिरा आली, ते नाचात. एक पडली आणि रडू लागली, तेही नाचात. १० जून १९३४ ला व्हाइट प्लेन्स इथे एका श्रीमंत कुटुंबाच्या आवारात उघड्यावर पहिला प्रयोग झाला. आज जगातल्या मोठमोठ्या कंपन्या तो करतात, आणि ती मुलगी प्रत्येक प्रयोगाला न चुकता उशिरा येते :)

यातली सुरुवात बघण्यासारखी आहे. सतराजणी नुसत्या उभ्या, उजवा हात वर. थोड्या वेळाने सगळ्या एकदम पावलं बाहेर वळवतात, बस्स. बॅलेच्या पहिल्या वर्गात शिकवतात ती पहिली पोझिशन. नवशिक्यालाही येणारी गोष्ट, पण सतराजणींनी ती एका क्षणी आणि चोख करायची. अंगावर काटा येतो.

तर सोय आणि कला यांचं भांडण नाही. जे येत नाही ते मागायचं नाही, जे येतं त्यात मात्र सूट द्यायची नाही. पुण्यात ज्यांनी पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी केल्यात त्यांना हे मी सांगायला नको. १९६३ पासून चाललेल्या त्या स्पर्धेत कितीतरी संहिता हाताशी असलेली पोरं बघूनच लिहिल्या गेल्या असतील.

गॅदरिंगला मात्र आपण उलटं करतो. गाणं आधी ठरतं, मग उंच मुलं मागच्या रांगेत आणि ज्याला जमत नाही तो झाड. असो. यंदा सोसायटीच्या गणपतीत पोरांचा नाच बसवायचं तुमच्या गळ्यात पडलं, तर गाणं शोधण्याआधी एक काम करा. कोण कोण आलंय ते बघा.