सामाईक मोटारीचा कार्ब्युरेटर

वाचकहो, तीस वर्षे गावोगाव हिंडताना मी पिके पाहिली तशा तुमच्या पडव्याही पाहिल्या आहेत. कुठे कडब्याच्या गंजीला टेकून जुनी पेट्रोलची जीप उभी असते, कुठे ताडपत्रीखाली अँबॅसिडर, तर कुठे पद्मिनी. विचारले की मालक सांगतो, "साहेब, इंजिन एक नंबर आहे, नुसता कार्ब्युरेटर गेलाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आज त्याच्यावरच लिहायचे ठरवले. कृषी अधिकाऱ्याने मोटारीच्या भानगडीत का पडावे, असे तुम्ही म्हणाल. पण आमच्याच घरी हा प्रश्न उभा राहिला आणि त्यावरून दोन भावांत बोलाचाली होण्याची वेळ आली.

आमची गाडी १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. आबांनी उसाच्या बिलातून घेतलेली. आबा गेल्यावर रीतीप्रमाणे वाटण्या झाल्या. जमीन, गोठा, घराच्या खोल्या, सगळ्यांवर रेघ पडली. सामाईक राहिल्या दोनच गोष्टी, एक विहीर आणि दुसरी ही मोटार. विहिरीच्या पाळ्या लावून घेतल्या. मोटारीच्या पाळ्या कशा लावणार? आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचे, लेकीबाळींना आणायचे, एवढेच तिचे काम, आणि खर्च निम्मा निम्मा.

गेल्या वर्षी गाडी रुसली. सुरू व्हायची, पण स्लोवर टिकायची नाही. चढाला गचके द्यायची. पेट्रोलचा वास तर असा, की आई मागच्या सीटवर बसली की पदर नाकाला लावायची. तालुक्याच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "साहेब, हा टाकून द्या. नवा आणतो, अर्ध्या तासात बसवतो." धाकट्याला ते पटले. तो म्हणाला, "दादा, जुन्याला किती ठिगळं लावायची? नवा घालू, नाहीतर गाडीच भंगारात देऊ." आई तेवढे ऐकून आत निघून गेली.

मंडळी, पेट्रोलचा वास ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर गाडी पेटते, आणि पडवीत पेटली तर कडब्यासकट. तेव्हा असा वास येत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका आणि बॅटरीची वायर काढून ठेवा. आम्ही तेच केले.

आता बदलावा की दुरुस्त करावा? त्याआधी तिसरा प्रश्न विचारायचा असतो : दोष कार्ब्युरेटरचाच आहे ना? गचके देणाऱ्या गाडीत पुष्कळदा पॉइंट जळालेले असतात, कंडेन्सर गेलेला असतो, किंवा टाकीतला गंज फिल्टरमध्ये येऊन बसलेला असतो. प्लग काढून बघा. काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढराफटक असला तर हवा जास्त. फिकट तपकिरी असला तर मिश्रण बरोबर. पान पाहून पिकाला काय कमी पडले ते आपण ओळखतो, तसेच हे. आमचे प्लग काळे निघाले. पॉइंट घासून अंतर लावले, फिल्टर बदलला, तरी गुण आला नाही. तेव्हा कार्ब्युरेटर उतरवला.

हे यंत्र तसे साधे आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. तेवढे मोजून मिसळून इंजिनाला पाजायचे, हे त्याचे काम. आत पेट्रोलची एक वाटी असते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जसा फ्लोटचा चेंडू असतो, तसा त्या वाटीत फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि सुईसारखी झडप बंद करतो. ती सुई झिजली किंवा फ्लोटला भोक पडले की वाटी उतू जाते. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर तो गेला. शंका राहिली तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतात. पाणी मात्र घरात तापवून बाहेर आणा. पेट्रोलच्या वस्तू चुलीपाशी नेऊ नका, आणि बिडी ओढणाऱ्याला चार हात लांब बसवा.

वाटीतून पेट्रोल पुढे जाते ते जेटमधून. जेट म्हणजे पितळेची एक बारीक नळी, मापून भोक पाडलेली. सोलेक्सच्या जेटवर आकडा कोरलेला असतो. १२५ म्हणजे भोक सव्वा मिलिमीटरचे. इथे मला तुमच्याशी भांडायचे आहे. फवारणी पंपाचे नोझल तुंबले की तुम्ही त्यात तार घालता, आणि मी बांधावर उभा राहून ओरडतो की भोक मोठे झाले, आता औषध जास्त जाणार. जेटचेही तसेच. तार घालायची नाही. क्लीनरमध्ये भिजवायचे आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने फुंकायचे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पेट्रोल उडून जाते आणि खाली चिकट लाखेसारखा थर राहतो. जेट बहुधा त्यानेच तुंबतात.

खरी परीक्षा असते ती धडाची. सुई, गॅस्केट, पंपाचा डायफ्रॅम हे सगळे किटमध्ये मिळते आणि ते काही शेकड्यांत भागते. धड मात्र किटमध्ये मिळत नाही. ज्या दांड्यावर थ्रॉटलची चकती फिरते, तो दांडा हलवून पाहा. खुळखुळत असेल तर तिथून चोरटी हवा आत जाते आणि गाडी स्लोवर टिकत नाही. इंजिनाला टेकणारी बाजू सपाट काचेवर ठेवा; डुगडुगली तर वाकली आहे. मग भिंगाने चिरा शोधा. आतल्या वाटांत पांढरी भुकटी साचली असेल तर पाण्याने धातू खाल्ला आहे. दांडा सैल असेल तर लेथवाला भोक वाढवून पितळेचा बुश बसवतो. किंचित वाकलेली बाजू घासून सपाट होते. पण चीर पडलेली असेल किंवा आतून धातू खाल्ला असेल, तर त्या धडावर पैसे घालू नका.

आमच्या एका पाहुण्यांच्या जीपचे असेच झाले. बिचारे तीनदा किट घालून बसले. धड फ्लँजपाशी चिरलेले होते, ते कोणी पाहिलेच नव्हते. त्यांना मी नवाच घ्यायला सांगितला, आणि त्यांची जीप त्यावर चांगली चालते.

मग आम्हीही नवा का घेतला नाही? पद्मिनीची गाडी कंपनीने बनवायची थांबवून वीस-पंचवीस वर्षे झाली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर भागांना गिऱ्हाईक होते. आता पेठेत 'नवा' म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे नकली असते, नाहीतर जुनेच धुऊन पुसून ठेवलेले. दिसायला चकचकीत, पण जेटवरचा आकडा एक आणि भोक दुसरे. मिस्त्रीने दाखवलेल्या नव्याचा दांडा मी दुकानातच हलवून पाहिला. तो आमच्या चाळीस वर्षांच्या दांड्याइतकाच हलत होता. किंमत मात्र हजारांत. धाकटाही बरोबर होता. त्याने स्वतः हलवून पाहिला आणि काही न बोलता वस्तू परत काउंटरवर ठेवली.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या-माझ्या उसाशी निगडित आहे. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल असते, आणि ते साखर कारखान्यांतून येते, तसेच मक्यापासून आणि तांदळापासूनही बनते. आपल्या मालाला गिऱ्हाईक मिळाले, हे चांगलेच आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाड्यांतले रबर त्याला सोसत नाही. ते फुगते, नाहीतर कडक होऊन चिरते. आमचा पंपाचा डायफ्रॅम खारीकेसारखा झाला होता. म्हणून किट घेताना इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे आहे का, ते विचारून घ्या, आणि कार्ब्युरेटरबरोबर पेट्रोलच्या नळ्याही बदला. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि वाटी रिकामी करून ठेवा. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रणात हवा जास्त होते. सगळे जोडल्यावर आमचे प्लग काळ्याचे पांढरट झाले, तेव्हा मुख्य जेट एक नंबर मोठा घातला. मग ते बिस्किटाच्या रंगावर आले.

आमचे धड शाबूत निघाले. चीर नव्हती, भुकटी नव्हती, फक्त दांडा सैल आणि सुई झिजलेली. अंगणात वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघे भाऊ सकाळपासून बसलो. प्रत्येक भाग काढला की धाकटा मोबाईलवर फोटो घ्यायचा, म्हणजे जोडताना घोटाळा नको. वाटणी झाल्यापासून आम्ही दोघे असे एका कागदाशी बसलो नव्हतो. कराडच्या लेथवाल्याने दोन दिवसांत बुश बसवून दिला. किट, बुश आणि नळ्या मिळून जो खर्च झाला तो नव्याच्या निम्म्याहून कमी भरला. धाकट्याने आपला वाटा त्याच दिवशी काढून दिला. मग पीयूसीवाल्याकडे गेलो. आमच्यासारख्या जुन्या गाडीला धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. काटा त्याच्या बराच आत राहिला.

मिस्त्रीने विचारले, "साहेब, किती दिवस चालेल?" मी म्हटले, "मिस्त्री, ते दांड्याला विचारा."

तुमच्या पडवीतल्या गाडीचे धड शाबूत असेल तर किट आणा. चिरले असेल तर चांगल्या जागेवरून, दांडा हलवून पाहून, दुसरे आणा. जुने फेकू मात्र नका, त्याचे जेट आणि स्क्रू उपयोगी पडतात. आमच्या गाडीच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅमही जुनाच आहे. तो दिवाळीच्या आत बदलायचा आहे, आणि या वेळी आणायला धाकटा जाणार आहे.