भागाकार चोरालाही येतो

इलिप्टिक कर्व्ह क्रिप्टोची कुठलीही लायब्ररी उघडा, सगळा भाव त्या कर्व्हला! स्केलरचा कोड बिचारा कोपऱ्यात. तिथे नुसते आकडे: बेरीज, गुणाकार आणि एका ठरलेल्या मूळ संख्येने भागून उरणारी बाकी. भागाकारही पूर्णांकातच. म्हणजे बघा, ७ च्या जगात ३ ने भागायचं तर ५ ने गुणायचं, कारण ३×५=१५, बाकी १. झालं!

ईसीडीएसए सही करताना दर वेळी एक नवा गुप्त आकडा लागतो. मेसेजच्या हॅशमध्ये एका जाहीर आकड्याने गुणलेली खासगी किल्ली मिळवायची आणि या गुप्त आकड्याने भागायचं. तोच आकडा दोन सह्यांना वापरला तर? दोन समीकरणं, दोन अज्ञात. शाळेतलं बीजगणित हो! आधी आकडा सापडतो, मग किल्ली.

सोनीच्या पीएस३ चं नेमकं हेच झालं. सॉफ्टवेअरवरच्या सह्यांत तो आकडा कायम तोच होता, हे फेलओव्हरफ्लो गटाने डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनला दाखवलं. कर्व्ह शाबूत, किल्ली मात्र गेली!

हे अंकगणित धन्याला जितकं प्रामाणिक, तितकंच चोरालाही. म्हणून २०१३ च्या आरएफसी ६९७९ मध्ये हा आकडा नशिबावर न सोडता किल्ली आणि मेसेजमधूनच काढतात. मेसेज बदलला की आकडाही बदलतो.

तुमची लायब्ररी तो कुठून आणते? सोमवारी ऑफिसात तेवढं बघाच.