फोटो काढला, पण तो संगणकात कसा न्यायचा?



मागच्या पंधरवड्यात सोनाळ्याला बाजाराच्या दिवशी चहा घेत बसलो होतो. ओळखीचे एक जोडपे पिशव्या सांभाळीत आले आणि शेजारच्या बाकावर टेकले. तीनचार एकर संत्र्याची बाग, बाकी कपाशी-तूर, असे बेताचे घर. मुलगी कृषी पदविकेला आहे. तिने बागेतल्या प्रत्येक झाडाला नंबर दिला आहे. कोणत्या झाडावर कोळशी आली, कोणत्या झाडाच्या बुंध्यातून डिंक वाहतो, हे फोटोसह संगणकात लिहून ठेवायचे तिच्या मनात आहे. बाई म्हणाल्या, "साहेब, एखादा सवंग कॅमेरा सांगा. कम्प्युटरले लगेच जुळला पाहिजे. घरचा मोबाईल तर यायच्यासंगं दिवसभर वावरातच राह्यते."

मी म्हटले, मग पोरीला साधासा मोबाईलच घ्या की. यावर बाप बोलला नाही, नुसता चहाच्या कपात पाहत राहिला. मला काय ते समजले. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हीच अडचण असेल. फोटो हवा, पण मोबाईलबरोबर येणारे बाकीचे जग पोरीच्या हाती इतक्यात द्यायची तयारी नाही. ही भीती मला सगळी पटत नाही. पण ती घरोघरी आहे, आणि ती हसण्यावारी नेऊन सल्ला देण्यात अर्थ नाही. त्यांना तिथे दहा मिनिटांत जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. उरलेले तुमच्यासाठी येथे लिहीत आहे, कारण या कॅमेऱ्याच्या पायी मी स्वतः दोनदा तोंडघशी पडलो आहे.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन मी नोकरीला लागलो तेव्हा रोळाचा कॅमेरा होता. एका रोळात छत्तीस फोटो. ते छत्तीस संपल्याशिवाय रोळ धुवायला द्यायचा जीव होत नसे. बोंडअळीचा फोटो जुलै-ऑगस्टात काढावा आणि तो हातात पडेपर्यंत दसरा यावा! त्यातही निम्मे फोटो हललेले. एका शेतकऱ्याने असाच एक फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हे अयी आहे का बोट आहे?" बोटच होते, माझेच.

डिजिटल कॅमेरा ही काही कालची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने १९७५ साली असा पहिला कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्र काळेपांढरे आणि फक्त दहा हजार ठिपक्यांचे. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. कंपनीचा धंदा रोळ विकण्याचा; ज्या कॅमेऱ्याला रोळच लागत नाही तो घाईने बाजारात आणायची तिची इच्छा नव्हती. पुढे तीच कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली. घरचेच बी दुसऱ्याच्या शेतात उगवले म्हणायचे. असो.

२००८ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. वाचकांना आठवत असेल, आठ-दहा दिवसांत पानांची नुसती जाळी उरायची. त्याच वर्षी मी पगारातून पैसे बाजूला टाकून डिजिटल कॅमेरा घेतला होता. एका गावी अळ्यांचे चांगले वीस-पंचवीस फोटो काढले. आता ते शास्त्रज्ञांकडे पाठवायचे, म्हणजे अळी कोणती आणि औषध कोणते हे ठरेल, असा बेत. संगणकाला तार जोडली. संगणक काही ओळखच देईना. त्यात विंडोज ९८ होते, आणि त्याला कॅमेऱ्याबरोबरची सीडी घातल्यावाचून कॅमेरा समजत नसे. सीडी मी खोक्याबरोबर टाकून दिलेली. दुसरा संगणक शोधण्यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत शेतकऱ्याने दुकानदाराच्या सांगण्यावरून एक फवारणी केली, ती लागली नाही. पुन्हा दुसरी केली. अळ्या मोठ्या झाल्या की औषधाला सहजी दाद देत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या साली, २००९ पासून, राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला आणि निरीक्षणे नियमित संगणकावर जाऊ लागली. पण ते चार दिवस माझ्या खाती जमा आहेत.

यावरून पहिली गोष्ट लक्षात घ्या. कॅमेरा संगणकाला जोडण्याच्या भानगडीतच शक्यतो पडू नका. कॅमेऱ्यातले कार्ड काढावे, ते कार्डरीडर नावाच्या बोटाएवढ्या वस्तूत घालावे आणि ती वस्तू संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवावी. संगणक तिला पेनड्राइव्हसारखा उघडतो. ना सीडी, ना कॅमेऱ्याची खास तार, ना फोटो उतरवताना कॅमेऱ्याचे सेल संपण्याची धास्ती. ही वस्तू अगदी थोड्या पैशांत मिळते. काही नवीन संगणकांत जुनी चपटी यूएसबी खाच नसून लहान गोल कडांची, सी प्रकारची असते. तेव्हा रीडर घेण्याआधी आपल्याला वापरायच्या संगणकाची खाच पाहून जा.

आता कॅमेरा. खरे सांगायचे तर दुकानात साधे छोटे कॅमेरे आता फारसे दिसत नाहीत. २०१० साली जगात बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये तो आकडा एक कोटीच्याही खाली आला. मोबाईलने तो धंदा खाल्ला. त्यामुळे स्वस्तात हवा तर बहुधा कोणाच्या कपाटात पडलेला जुनाच घ्यावा लागेल. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. तसाच हाही पाहून घ्यावा.

सर्वांत आधी कार्डाचे झाकण उघडा. आत एसडी कार्ड बसते का ते पाहा. काही कंपन्यांच्या जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी किंवा मेमरी स्टिक अशी निराळी कार्डे लागत. कॅमेरा फुकट मिळाला तरी ते घेऊ नका. कार्डापायी आणि रीडरपायी हिंडत बसाल. एसडी असले तरी एक खोच आहे. मोठ्या कार्डांची, म्हणजे दोन ते बत्तीस जीबीची, पद्धत २००६ साली आली. त्याच्या आधीचे कॅमेरे साधारण दोन जीबीपर्यंतचेच कार्ड वाचतात. दुकानदार आज बत्तीस-चौसष्टचे कार्ड हाती देईल, कॅमेरा ते घेणार नाही, आणि तुम्ही म्हणाल कॅमेरा बिघडला. म्हणून कार्ड घालून, फोटो काढून, तो समोरच्या संगणकावर उघडून दाखवल्यावाचून पैसे मोजू नका.

मग बॅटरी. खेड्यासाठी पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा मला अजूनही बरा वाटतो. चपट्या खास बॅटरीचा घेतला आणि ती बॅटरी फुगली किंवा बसली, तर तिच्यासारखी दुसरी मिळेलच असे नाही. मात्र घड्याळात घालतो ते स्वस्त सेल कॅमेऱ्यात पाच-दहा फोटोंत मान टाकतात. चार्ज होणारे निकेल जातीचे सेल चार घ्या; दोन कॅमेऱ्यात, दोन चार्जरवर.

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. सहा बाय चार इंचाचा झकास फोटो छापायला २२ लाख ठिपके पुरतात. म्हणजे पाच-आठ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा आपल्या कामाला भरपूर झाला. नव्याने विकायला येणाऱ्या काही बिननावाच्या स्वस्त कॅमेऱ्यांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. पुष्कळदा ते ठिपके कॅमेऱ्याने मधल्यामध्ये भरून फुगवलेले असतात. ओल्या कापसाचे वजन जसे, तसेच ते. झूमचेही तेच. भिंग पुढे-मागे सरकते तो झूम खरा. डिजिटल झूम म्हणजे आधीच काढलेल्या चित्राचा तुकडा ताणून दाखवणे.

आपल्या कामाची खरी खूण दुसरीच आहे. कॅमेऱ्याच्या मागे एक लहानसे फूल काढलेले असते. ते बटण दाबले म्हणजे कॅमेरा अगदी जवळचे पाहू लागतो. संत्र्यावरचा सायला तीनचार मिलिमीटरचा, काळ्या माशीची पिले पानाच्या मागच्या बाजूला काळ्या ठिपक्यांसारखी. फुलाचे बटण नसेल तर यातले काही दिसायचे नाही. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे पाहणाऱ्याला किडीचा आकार कळतो. पानाची दोन्ही अंगे घ्या, मग सबंध झाड घ्या, मग चार पावले मागे जाऊन बाग घ्या. ऊन डोक्यावर असताना नको. सकाळी आठ-नऊला बरे.

आणि तारीख. याबद्दल मला थोडे अधिक सांगितलेच पाहिजे.

२०१४ च्या फेब्रुवारी अखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. आमच्या पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याच्या उभ्या हरभऱ्यावर गारा पडल्या. घाटे फुटून दाणे मातीत गेलेले. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी जाऊन फोटो काढले. पंचनाम्याला माणसे यायला आठवडा गेला. तोवर त्याने उरलेसुरले गोळा करून वावर वखरून टाकले होते. त्याचेही चुकले असे मी म्हणणार नाही. मग पुरावा म्हणून राहिले माझे फोटो. ते मोठ्या दिमाखाने एका कार्यालयात नेऊन दिले. तिथल्या माणसाने ते पाहिले आणि एका फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. लाल आकड्यांत छापले होते: ०१/०१/२००८.

झाले असे होते की सेल बदलताना कॅमेऱ्याचे घड्याळ मागे फिरून पहिल्या दिवसावर गेले होते. मी कधी तिकडे पाहिलेच नव्हते. सातबाऱ्यावर हरभरा होता, पण किती गेला हे कशावरून? मी लेखी सांगितले, सही केली. काही उपयोग झाला नाही. तो शेतकरी मला पायऱ्यांवर भेटला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, तुमच्या कॅमेऱ्याले तारीख समजत नाई, त माह्या हरभऱ्याचं त्याले काय समजन?"

अकरा वर्षे होऊन गेली. अजून कोणाच्याही हातात कॅमेरा दिसला की मी आधी तारीख पाहतो. तुम्हीही सेल बदलले की प्रत्येक वेळी पाहा.

मोबाईलवाल्यांना ही कटकट नाही. त्याची तारीख आपोआप लागते, आणि जागेची सोय चालू ठेवली तर वावराचा अक्षांश-रेखांशही फोटोत नोंदला जातो. पण तो फोटो व्हॉट्सअॅपवर नुसता पाठवला की आकार कमी होतो आणि आतली ही नोंद गळून पडते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. संगणकाला तारेने जोडताना मोबाईल विचारतो, फक्त चार्ज करू की फाइली देऊ; तिथे फाइली निवडा. तरीही काही दिसले नाही तर तार बदलून पाहा, कारण पुष्कळ स्वस्त तारा वीज तेवढी नेतात, फोटो नेत नाहीत. आणि एक गोष्ट विसरू नका: २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकऱ्यानेच वावरात उभे राहून जो फोटो घ्यायचा असतो, तो मोबाईलमधल्या त्या अॅपमधूनच घ्यावा लागतो. तिथे दुसरा कॅमेरा चालत नाही. अंबाबारव्याच्या बाजूने रोही, रानडुकरे येऊन पीक तुडवतात तेव्हा मात्र वनखात्याकडे अर्ज करण्याआधी पावलांचे आणि मोडलेल्या पिकाचे फोटो कशानेही काढून ठेवा, पण त्याच दिवशी.

म्हणून ज्यांच्या घरी बऱ्यापैकी मोबाईल मोकळा आहे, त्यांनी कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत. एक चांगली तार घ्यावी, बस. बाजारात भेटलेल्या त्या घराची गोष्ट वेगळी. त्यांना मी माझाच जुना कॅमेरा देऊ केला, तोच, हरभऱ्याचा. बाप नको नको म्हणत होता, बाईंनी पिशवीत ठेवून घेतला. जाताना बाप हळूच म्हणाला, दिवाळीनंतर संत्र्याचा पैसा आला की पोरीच्या मोबाईलचे पाहू. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि नजरेनेच सांगितले, हे दरवर्षी दिवाळीनंतरच असते.

परवा पोरीने कॉलेजच्या संगणकावरून पहिला फोटो पाठवला. झाड नंबर सत्तावीस, पानामागची काळी माशी, शेजारी रुपया. थोडा हललेला आहे. कोपऱ्यातली तारीख बरोबर होती.